दुबार पेरणी

(गेवराई येथे महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी बाहेरगावच्या कोणा विदुषींना बोलवावयाचे आणि आपण ऐकावयाचे, असा आपला रिवाज आहे. यंदा कार्यकारिणीने ठरविले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि ती माळ माझ्या गळ्यात पडली. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. तेव्हा भाषणात मोठमोठे शब्द सापडले नाहीत तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे. स्वयंपाकघरातून आणि शेताच्या बांधावरून जे दिसते ते मी सांगणार आहे. काही गोष्टी वर्तमानपत्रात वाचलेल्या आहेत, आणि काही माझ्या धाकट्या जावेच्या मुलीने वाचून समजावून दिलेल्या आहेत. ती कॉलेजात शिकते.

माझा विषय असा: माणूस एकदा हरला म्हणजे तो पुन्हा स्पर्धेत का उतरत नाही, आणि जो उतरतो तो कशाच्या बळावर उतरतो?

हा विषय मला आपल्या नावनोंदणीच्या वहीने दिला. गेल्या वर्षी रांगोळी, पाककृती, उखाणे, भजन आणि पळण्याची शर्यत, सगळ्या स्पर्धांना नावे मावेनात. यंदा वही माझ्याकडे होती. मी दारोदार फिरले. ज्यांना गेल्या वर्षी बक्षीस मिळाले होते त्यांनी दारातच नाव सांगितले. ज्यांना मिळाले नव्हते त्यांतल्या बहुतेकजणी म्हणाल्या, "यंदा राहू द्या, ताई." एकीकडे पाहुणे यावयाचे होते, एकीचे गुडघे दुखत होते, एकीच्या कापसाची खुरपणी राहिली होती. कारणे सगळी खरी असतील. पण बक्षीस मिळालेल्या बायकांच्या घरी काय पाहुणे येत नाहीत? त्यांच्या शेतात काय तण उगवत नाही? "मागच्या खेपेला हरले, म्हणून नको," असे मात्र एकीनेही म्हटले नाही. हरण्याचे दुखणे असेच असते. ते दुसऱ्या दुखण्याचे नाव घेऊन येते.

त्यातून एक सूचना पुढे आली आहे, ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. स्पर्धाच बंद कराव्यात आणि भाग घेणाऱ्या सगळ्यांना सारखी एकेक वाटी द्यावी. सूचना चांगल्या मनाने केलेली आहे. कोणाचे मन दुखू नये, हाच तिच्यामागचा हेतू. तरीही मला ती पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठीच मी उभी आहे.

शाळेच्या भिंतीवर लिहिलेले असते, "अपयश ही यशाची पहिली पायरी आहे." वाक्य खोटे नाही. पण त्या पायरीवर किती माणसे बसून राहतात, ते भिंतीवर लिहिलेले नसते. माझ्या पुतणीने मला एक अभ्यास वाचून दाखविला. युरोपात नेदरलँड्स म्हणून देश आहे, आपण त्याला हॉलंड म्हणतो. तेथे शाळेतल्या मुलामुलींसाठी गणिताची मोठी स्पर्धा असते. पहिल्या फेरीत जी मुले मागे पडली ती पुढच्या वर्षी पुन्हा बसतात की नाही, हे तेथील अभ्यासकांनी तपासले. तो अभ्यास २०१९ साली छापून आला. त्यांना असे दिसले की, दुसऱ्या फेरीत जाऊ न शकलेल्या मुली पुढच्या वर्षी पुन्हा बसण्याचे प्रमाण कमी होते, आणि मुलांच्या बाबतीत मात्र तसा फरक पडत नव्हता. हरलेला मुलगा म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. हरलेली मुलगी म्हणते, हे माझे काम नव्हे.

हे ऐकून मला नवल वाटले नाही. नवल एवढेच वाटले की, इतक्या पुढारलेल्या देशातही तसेच आहे! पण यावरून मुलींचे काळीज कच्चे असते असे जर कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. जिने दुष्काळात घर चालविले, जी ऊसतोडीला जाऊन उघड्यावर बाळंत झाली आणि पुन्हा कोयता हाती घेतला, तिचे काळीज कच्चे कसे म्हणावे? आपल्या बीड जिल्ह्यात अशा बायका गावोगाव आहेत. मग फरक कशाचा? माझ्या मते, हरल्यानंतर घरात काय बोलले जाते याचा.

दहावीचा निकाल लागला म्हणजे आपण पाहतोच. मुलगा गणितात राहिला तर बाप रागावतो, दोन दिवस बोलत नाही, आणि तिसऱ्या दिवशी फॉर्मचे पैसे काढून देतो. बोर्डाची पुरवणी परीक्षा निकालानंतर काही आठवड्यांतच असते. मुलगी गणितात राहिली तर तिला कोणी रागावतही नाही. मावशी म्हणते, "जाऊ दे गं, तिला कुठं कलेक्टर व्हायचंय!" आत्या म्हणते, "माझ्या बघण्यात एक स्थळ आहे." कायद्याने अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात, हे सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही बोलणी सुरू होतात. मुलाच्या नापाशीला परीक्षेचा फॉर्म हे उत्तर, आणि मुलीच्या नापाशीला लग्न! तेथे मुलीने पुन्हा बसण्याची हिंमत कोठून आणावी?

मी स्वतः सातवीत असताना शाळांच्या क्रीडास्पर्धेत पळाले होते. अनवाणी पळाले आणि चौथी आले. बक्षिसे तिघींनाच होती. घरी आल्यावर वडीलधाऱ्यांपैकी एकजण म्हणाले, "हौस फिटली ना? आता आईला मदत कर." त्यांचे बोलणे रागाचे नव्हते, मायेचेच होते. पुढचे वर्ग दुसऱ्या गावी होते, त्यामुळे शाळाही तेथेच संपली. मी पुन्हा पळाले असते तर पहिली आले असते, असे मी म्हणत नाही. पण पाचवी आले असते की दुसरी, हे मला कधीच कळले नाही. एवढेच सांगावयाचे आहे.

आता पुन्हा उभ्या राहिलेल्या माणसांकडे वळू.

पहिली गोष्ट आपल्या तालुक्यातलीच आहे. राक्षसभुवन आपण सर्वांनी पाहिले आहे. गोदावरीच्या काठी शनिमहाराजांच्या दर्शनाला लोक लांबून येतात. पण त्या गावाचे नाव इतिहासात आहे ते दुसऱ्या कारणाने. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा केवढा मोठा पराभव झाला, ते सर्वांना ठाऊक आहे. घरटी माणूस गेले. त्याच वर्षी थोरले माधवराव पेशवे गादीवर आले, तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते. आता मराठे उठत नाहीत, असेच साऱ्यांना वाटले असेल. पण पानिपतानंतर अडीच वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, ह्याच राक्षसभुवनाजवळ त्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजामाची काही फौज नदीपार गेली होती आणि काही अलीकडे राहिली होती. मराठ्यांनी ती वेळ साधली. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत पडला. लढाईची आणि रांगोळीची तुलना करू नये, हे मला समजते. पण मोठ्या पराजयानंतरचा विजय आपल्याच गोदाकाठी झाला आहे, हे आपल्या लेकरांना सांगावयास हवे.

दुसरी गोष्ट खाशाबा जाधवांची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे हे पैलवान. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. खाशाबा मातीत वाढलेले, आणि तेथे कुस्ती गादीवर. नियमही निराळे. ते सहावे आले. दुसरा कोणी म्हणाला असता, सातासमुद्रापार जाऊन आलो, पुष्कळ झाले. पण खाशाबांना आपले कोठे कमी पडले ते समजले होते. चार वर्षे त्यांनी मेहनत केली, आणि पुढच्या वेळी वरच्या वजनाच्या गटात उतरले. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे तर पुन्हा पैशाची अडचण. गावोगाव वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. तेथे खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले पदक! परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आपण बैलगाड्या लक्षात ठेवतो. मला लंडनहून परत आल्यानंतरचा पहिला दिवस मोठा वाटतो. त्या दिवशी हाती काहीच नव्हते, आणि तरीही त्यांनी पुन्हा लंगोट कसला.

तिसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. आष्टी तालुक्यात मांडवा गाव आहे. तेथला अविनाश साबळे, शेतकऱ्याचा मुलगा. आईवडील वीटभट्टीवरही राबले. शाळा सहा किलोमीटर दूर. तो बारावीनंतर सैन्यात गेला, आणि तेथे पळू लागला. त्याची शर्यत स्टीपलचेस नावाची, तीन हजार मीटरची. तिच्यात अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळा ओलांडावा लागतो आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते. अडथळा आपल्या कमरेइतका, जवळजवळ तीन फूट उंच. तो इतका भक्कम असतो की पाय लागला तरी पडत नाही, पळणाराच पडतो. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले. तेथे अविनाशने भारताचा विक्रम मोडला. मिनिटे ८, सेकंद १८.१२. इतके पळूनही तो आपल्या गटात सातवा आला आणि अंतिम फेरी हुकली. मैत्रिणींनो, आयुष्यातले सगळ्यांत चांगले पळावे आणि तरीही बाहेर बसावे, ह्याहून कडू हार कोणती?

पुढच्या वर्षी, २०२२ साली, राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक घेतले. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत असे. सुवर्णपदक त्याच्या हातून सेकंदाच्या शंभर भागांपैकी पाच भागांनी गेले. डोळ्याची पापणी लवण्याआधीच एवढा वेळ संपतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत बाहेर पडला. आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी, म्हणजे जेमतेम दीड महिन्याने, चीनमध्ये हांगझौ येथे आशियाई स्पर्धेत त्याने त्याच शर्यतीचे सुवर्ण जिंकले. २०२४ साली पॅरिसला तो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचला. ह्या शर्यतीत तेथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. तेथे तो अकरावा आला. २०२५ साली मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीपाशी पडून त्याच्या गुडघ्याला इजा झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे हरणे एकदाच येऊन संपते असे नाही. ते पुन्हा पुन्हा येते.

आता कोणी म्हणेल, ही सगळी पुरुषांचीच उदाहरणे झाली. तर बायकांचीही ऐका. केरळची पी. टी. उषा १९८४ साली लॉस एंजेलिसला अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली. कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. त्यानंतर दोन वर्षांनी सेऊलच्या आशियाई स्पर्धेत तिने चार सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक मिळविले. तिच्यानंतर ऑलिंपिकमध्ये धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत दुसरी भारतीय बाई दिसावयास बत्तीस वर्षे जावी लागली. ती आपली ललिता बाबर, साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची. आधी ती मॅरेथॉन पळे. मग शर्यत बदलून तिनेही स्टीपलचेस धरली, आणि २०१६ साली रिओला दहावी आली. दहावी येण्याला मी यशच म्हणते.

ह्या सगळ्यांची कहाणी शेजारी शेजारी ठेवली तर मला तीन गोष्टी सारख्या दिसतात.

पहिली, हरल्यावर त्यांना आपले काय कमी पडले ते समजले. खाशाबांना गादीची कुस्ती आणि तिचे नियम समजले. धावणाऱ्याला तर घड्याळच सांगते. आपल्या स्पर्धेत काय होते? परीक्षकबाई तीन नावे वाचतात, टाळ्या होतात आणि सतरंज्या गुंडाळल्या जातात. चौथीला आपली रांगोळी का मागे पडली ते कोणीच सांगत नाही. रंग फिके होते की ठिपके चुकले? मग ती आपल्या मनाने समजते की आपल्याला येतच नाही.

दुसरी, त्यांच्या हरण्याचा खर्च कोणीतरी वाटून घेतला. कोणी घर गहाण टाकले, गावाने वर्गणी दिली, कोणाला सैन्याने पोसले. एकटीच्या जिवावर दुसऱ्यांदा उभे राहणे फार कठीण असते.

तिसरी, पुढच्या स्पर्धेची तारीख त्यांना आधीपासून ठाऊक होती. बुडापेस्टला हरलेल्या माणसाच्या समोर हांगझौ होते. आपली हरलेली मैत्रीण मात्र वर्षभर ते शल्य उराशी धरून बसते.

म्हणून माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे की, स्पर्धा बंद करू नयेत, त्यांची रीत बदलावी. परीक्षकबाईंनी भाग घेणाऱ्या प्रत्येकीला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगाव्यात, काय चांगले साधले आणि काय सुधारावयाचे. पहिली आलेल्या बाईने महिन्याच्या आत एक दुपार काढून बाकीच्यांना आपली हातोटी दाखवावी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याच स्पर्धेची दुसरी फेरी ठेवावी. आणि जी मागे पडून पुन्हा उतरेल तिचे नाव अहवालात छापावे. वाटीचा खर्च वाचेल, तो रंग आणि सामानाला द्यावा, म्हणजे कोणाचा पैशावाचून खोळंबा होणार नाही.

ज्यांना खरोखरच रांगोळीची आवड नाही, त्यांनी ती सोडावी. ह्यात काहीच वावगे नाही. आवड नाही म्हणून सोडणे वेगळे आणि हरले म्हणून सोडणे वेगळे. ते ज्याचे त्याला आतून कळते.

आपण शेतकऱ्यांच्या घरच्या. मृगाचा पाऊस पडतो, आपण सरकी लावतो, दोन पाने वर येतात आणि पाऊस दडी मारतो. कोवळे रोप डोळ्यांदेखत वाळते. त्या दिवशी घरात जेवण गोड लागत नाही. पण मी अजून असा शेतकरी पाहिला नाही की, ज्याने पहिले बी वाळले म्हणून सारे शिवार पडीक टाकले. तो दुबार पेरणी करतो. मात्र डोळे मिटून करीत नाही. पुरेशी ओल होऊ देतो. कृषी खात्याचे लोकही पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका असे सांगतात. उशीर झाला असेल तर मूग-उडदाचा नाद सोडून तूर, बाजरी, सूर्यफूल घेतो. आणि बियाण्याला पैसा नसेल तर घरची बाई कानातले काढून देते. मैत्रिणींनो, दुबार पेरणीसाठी आपण कानातले काढून दिलेले आहे. मग पोरीच्या दुसऱ्या परीक्षेसाठी फॉर्मचे पैसे काढून देणे आपल्याला जड का जावे?

आपल्या वस्तीतली एक मुलगी यंदा दहावीला गणितात राहिली. मी नाव घेत नाही. स्थळ आले होते. आपल्यातल्या चौघीजणी तिच्या आईकडे जाऊन बसल्या. भांडण केले नाही. चहा घेतला आणि एवढेच विचारले की, दोन वर्षांमागे थोरला राहिला होता तेव्हा तुम्ही काय केले होते? ती माउली बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "फॉर्म भरला होता." पाहुण्यांना नकार कळविला. मुलीचा फॉर्म भरला. शेजारच्या शिक्षकबाईंनी रोज संध्याकाळी तासभर तिला गणित शिकविले. परीक्षा झाली आहे, निकाल लागावयाचा आहे. काय लागेल ते मला ठाऊक नाही. परवा मी तिच्या आईला विचारले, "पुन्हा राहिली तर?" ती पीठ चाळीत होती. वर न पाहताच म्हणाली, "तर पुन्हा भरू. भावानं दोनदा भरला होता."

नावनोंदणीची वही आज व्यासपीठाजवळच्या टेबलावर ठेवली आहे. पेनही आहे. कार्यक्रम संपल्यावर जाताना ज्यांनी "यंदा राहू द्या" म्हटले होते त्यांनी एकदा ती उघडून पाहावी. रांगोळीची स्पर्धा रविवारी आहे, अजून चार दिवस आहेत.